आईची सही

मंगळवार, ३ जून

रविवारच्या पानावर चूक आहे. ‘पतसंस्थेतून पैसे काढायच्या स्लिपांवर आई न वाचताच सह्या करायची’ असं मी लिहिलंय. खोटं. आई सह्या करतच नव्हती. मी करायचे, अकरा वर्षांची असल्यापासून.

शाळेत घालायच्या आधी बाबांनीच घरी अक्षरं गिरवून घेतली. पुढे आईच्या खात्यातून पैसे काढायला तिची सहीही. ‘हुबेहूब! हात आहे पोरीला.’ मला तो अभ्यासच वाटायचा.

आज आठवलं ते धड्यामुळे. एका संस्थेतर्फे वर्षभर परदेशी जाऊन तिथल्या पतसंस्थेतल्या बायकांना जे शिकवायचंय, ते आईसमोर म्हणून दाखवत होते — तुमची सही दुसऱ्या कुणालाही करू देऊ नका. शिलाई मशीनवरून मान वर न करता आई म्हणाली, ‘माझी तर तुलाच जास्त चांगली जमते.’

म्हणजे तिला माहीत होतं. आणि मी मात्र सोयीचं तेवढं आठवत बसले.

बुधवार, ४ जून

बाबांना विचारलं. पेपर खाली ठेवला नाही. ‘घरातल्या घरात कसली आली चोरी? तुझ्याच फीला गेले ते.’

सही माझ्या हातची, फी माझी, वर उपकारही माझ्यावरच.

त्या पैशांतून आई बाजारात गाळा घेणार होती. अजून जिन्याखाली बसून शिवते.

शुक्रवार, ६ जून

आईवर ओरडले. बाबांवर ओरडायची हिंमत नाही, म्हणून तिच्यावर. गप्प का बसलीस?

सुईत दोरा ओवत म्हणाली, ‘मागितले असते तर दिलेच असते गं. कुणी मागितलेच नाहीत.’

दुपारी पाठवणाऱ्या संस्थेचा फोन. तिकीट चौदा तारखेचं. आमच्या पतसंस्थेच्या साहेबांनी दिलेलं पत्र त्यांना फार आवडलं. तीन वर्षं मी साहेबांच्या हाताखाली कारकून. ‘हिच्या सचोटीबद्दल शंका नको’ असं लिहिलंय. त्यांच्याच कपाटात माझ्या त्या स्लिपा पडून असतील.

साहेबांना सगळं सांगते म्हटलं, तर दादा म्हणतो, ‘जाऊन ये, मग सांग. वर्षाने काय बिघडतं? आत्ता बोललीस तर जाणंच बोंबलेल.’ बोंबलेलच. पण वर्षभर तिथल्या बायकांना कुठल्या तोंडाने शिकवू?

शनिवार, ७ जून

बाबा, जेवताना: ‘घरची लक्तरं वेशीवर टांगायची हौस आली का?’

 

रविवार, ८ जून

आईने मापांच्या वहीत दोन पानं भरून नवी सही बसवली. तिरपी, शेवटी लांब फराटा. वही माझ्यापुढे सरकवून म्हणाली, ‘जमते का बघ.’

सहा वेळा करून पाहिली. नाही जमली.

साहेबांसमोर आधी मी बोलणार, मग आई हीच सही खात्याच्या सही-नमुन्याच्या कार्डावर करणार. सोमवार, ९ जून, सकाळी साडेदहा.