नर्सिंगचा निकाल लागला

नागपूर, रविवार

पिंकीच्या बाबांना गोपिकाचा प्रेमाचा नमस्कार.

फोनवर बोलताना तुमच्या आई तुमच्या जवळच असतात, म्हणून कागदावर लिहिते. मी बरी आहे. मेसचा भात कच्चाच असतो, पण आता सवय झाली.

नर्सिंगच्या प्रवेश परीक्षेचा निकाल लागला. बायोलॉजीत आमच्या कोचिंग क्लासमध्ये मी सगळ्यात पुढे आहे! लग्नाआधी सुटलेलं शिक्षण, त्यामुळे मलाच खरं वाटेना. सर म्हणाले, "सरकारी कॉलेजले नंबर लागते तुया. पण तुया घराजवळ वर्ध्याले नाई, दूर जा लागन."

मैत्रिणी पेढे मागत होत्या. मी मात्र गच्चीवर जाऊन बसले. दिवाळीत घरी हृदयाचा धडा वाचताना मी पिंकीच्या छातीला कान लावायची, तेव्हा ती खुदखुदायची. परवा फोनवर तीच विचारते, "कोन बोलून राह्यली?" तुम्ही हसलात. मीही हसले, पण मग रात्रभर झोप आली नाही.

आईंचा गुडघा कसा आहे? शेक घेतात ना? वांगी निघाली का?

कोर्स चार वर्षांचा आहे. तुम्ही लगेच 'जा' म्हणाल, म्हणूनच भीती वाटते. मागून एकट्यानं सोसाल आणि बोलणार नाही.

पुढच्या रविवारी पिंकीला घेऊन या. तिला कुठं ठेवायचं, आईंना कसं सांगायचं, ते समोर बसून ठरवू. जायचं की नाही, हे मात्र ठरवायचं उरलं नाही. मला जायचं आहे.

तुमची वाट पाहणारी,
गोपिका