उचकी कोणाच्या आठवणीची

१८ जुलै १९८६
काल मुंबईहून चिंचणीला, घरी. डाव्या खांद्याखाली मशीनची डबी बसवली आहे, तिची तार आत काळजापर्यंत. माझे ठोके मधेच थांबायचे. वेरावळच्या ट्रॉलरवर चक्कर येऊन जाळ्यावरच पडलो होतो. डॉक्टर म्हणाला, डावा हात खांद्याच्या वर न्यायचा नाही, जड ओढायचं नाही. मग खलाशाने करायचं काय?

शेजारची गोजराबाई बघायला आली. "घड्याळाला देतात तशी चावी देतोस का रे रोज?"

२२ जुलै
उधाणाचं पाणी आमच्या होडीखाली घुसलं. बाबा, काका सगळे रस्सीला लागलेले आणि मी ओट्यावर. किती बसणार? आधी उजव्या हातानेच धरली. मग डावाही लागला. आईला सांगितलं नाही.

२४ जुलै
कालपासून उचकी. पाणी झालं, साखर झाली. आठवण काढणाऱ्याचं नाव घेतलं की थांबते, म्हणून आई एकेक नाव घेत बसली. वेरावळचा शेठ. ट्रॉलर चालवणारा तांडेल धर्माजी. मावशी. काही नाही.

"सुलूचं घेऊन बघ गो," गोजराबाई म्हणाली.

आईने घेतलं. थांबली!

जेवताना परत लागली. गोजराबाई म्हणते, "लयच आठवण काढते वाटतं पोरगी."

२५ जुलै
दर होळीला सुलूला सांगायचो — पुढच्या होळीला मागणी घालतो. आणि वेरावळला पळायचो. एका जागी पायच ठरत नाही माझा. तिने कधी अडवलं नाही. अडवायला हवं होतं.

आई सांगते, सातपाटीची माणसं तिला बघून गेली.

उचकी चालूच. बरी वाटते.

२८ जुलै
एसटीने बोईसरला गेलो. सुलू बाजारात सुके बोंबील घेऊन बसलेली. टोपली सरकवून जागा केली.

"दिसलास बाबा. आमी तं आशाच सोडलेली."

म्हटलं, सारखी उचकी लागते. तू आठवण काढतेस.

हसली. "मी तं तुझ्यासमोर हाय. मग आता कोण काढतंय?"

खरंच, चालूच होती. तिचं हसू गेलं. "हे काय बरं नाय. मुंबईला जाऊन दाखव. उद्याच जा." मग खाली बघत, "आणखी काय बोलायचं होतं?"

तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. मी म्हटलं, दाखवून येतो, मग बोलू.

ती बोंबलांची जुडी बांधत राहिली. वर बघितलं नाही.

बसमध्ये बसल्यावर कळलं. पुन्हा "मग" म्हणून आलो.

२ ऑगस्ट
मुंबई. रस्सी ओढताना तार जागची हलली होती. तीच आतून झटके देत होती, म्हणून उचकी. परत कापलं, तार बसवली. उचकी बंद.

३ ऑगस्ट
आई आली. डॉक्टरने सांगितलं ते सगळं तिला समजावलं. तिने ऐकून घेतलं. पांघरूण नीट केलं. मग म्हणाली, "तारेचं काय नाय रे. सुलूचं परवा सातपाटीला ठरलं. आता ती कशाला आठवण काढील?"