आमचं शारजा, तुमचं देरा

७८६
शारजा
१० नोव्हेंबर १९६१

चि. सौ. सुरैय्या हिला,
थोरली बहीण खैरुन्निसाकडून दुवा. अस्सलाम अलैकुम. वि. वि.

गनीच्या टॅक्सीतून धाडलेलं तुझं पत्र आणि हलवा, दोन्ही पोचलं. हलव्यावर वाळू होती. गनी म्हणतो वाटेत उडाली असेल. मला वाटतं ती देऱ्याचीच. तुमची खाडी उपसून वाळूचे ढीग काठावर घातलेत म्हणे, आणि तुम्ही ते पाहुण्यांना ताजमहाल दाखवावा तसे दाखवता. कमाल आहे बाई! गाळ काढला म्हणून एवढा तोरा? आमच्याकडे लंडनची विमानं मुक्कामाला उतरत होती, तेव्हा तुमचं देरा म्हणजे खजुराच्या झावळ्यांच्या झोपड्या. विमानं तुमच्या डोक्यावरून जात, खाली कुणी बघतही नसे.

आता मुद्द्याचं. मुनीरमियाँच्या पुतण्याचं, नूरुद्दीनचं स्थळ तू अजरासाठी सुचवलंस. मुलाला मी नावं ठेवत नाही. बोटकंपनीत टायपिस्ट आहे, नमाजी आहे, खाली बघून बोलतो. अजराच्या अब्बांनाही तो आवडला. पण मुलगी देऱ्यात द्यायला माझं मन होत नाही. तुमच्याकडे शेजारी शेजाऱ्याला ओळखत नाही. जो तो सकाळी उठून धावतो. परवा तुझ्याकडे आले तर तुझ्या भिंतीपलीकडे कोण राहतं हे तुला सांगता आलं नाही. इथे माझ्या भिंतीपलीकडे हलिमा राहते, इथलीच अरब बाई. माझं तव्यावरचं करपलं तर पहिला खोकला तिला येतो. अशा गावातून उचलून पोरीला बाजारात नेऊन बसवू का?

मुनीरमियाँना सलाम. लोभ असू दे; देऱ्याची हवा तुझ्या डोक्यात गेली तरी माझ्यावरचा तेवढा राहू दे.

तुझी आपा,
खैरुन्निसा


देरा, दुबई
१७ नोव्हेंबर १९६१

ती. खैरुन्निसा आपाला,
धाकट्या सुरैय्याचा सलाम. वि. वि.

तुझं पत्र मी विजेच्या दिव्याखाली वाचलं. वीज म्हणजे काय ते तुला कळावं म्हणून सांगते: बटण दाबलं की उजेड पडतो, काच पुसावी लागत नाही. तुमच्याकडेही येईल इन्शाल्ला, अजराच्या नातवंडांच्या वेळेस.

लंडनच्या विमानांचं कौतुक किती वर्षं पुरवणार आहेस? आता इथेही विमानतळ झालाय. इंग्रज साहेबाची कचेरी शारजात होती, तीही उठून दुबईत आली. साहेबाला अक्कल होती असंच म्हणायचं. तुमच्याकडे राहिले काय, तर डब्यातलं मटण खाणारे गोरे शिपाई. आणि ती खाडी! मुनीर लाँचची इंजिनं दुरुस्त करतात, साऱ्या किनाऱ्यावर हिंडतात. ते सांगतात, शारजाच्या खाडीच्या तोंडाशी आता बगळेसुद्धा पाय न भिजवता उभे राहतात. भरलेली लाँच आत जात नाही, माल सगळा आमच्याकडे उतरतो. मग मला सांग, दुल्हेभाई दुकानात दोर, शिडाचं कापड आणि राळ मांडून बसतात, ते विकतात कुणाला? उंटांना?

शेजाऱ्याचं म्हणशील, तर इथे लोकांना कामं आहेत. दुसऱ्याच्या तव्याकडे नाक लावून बसायला सवड नाही.

पोरीचं नुकसान करू नकोस, एवढंच सांगते. आपलं गाव आणि आपली मुलगी यांत कुणाचा विचार करायचा हे मी तुला शिकवणारी कोण? तरी शिकवते.

राग आला तर येऊ दे, पण माया कमी करू नकोस.

तुझी,
सुरैय्या


शारजा
२४ नोव्हेंबर १९६१

प्रिय सुरैय्याखालाला,
अजराचा आदाब. वि. वि.

हे पत्र अम्मीला न सांगता लिहिते आहे. गनीचाचांना सांगितलंय की तुझ्याच हातात द्यायचं.

खाला, तू उंटांचं लिहिलंस ना, ते वाचून अम्मी नेहमीसारखी भांडली नाही. एरवी तुझं पत्र आलं की ती मोठ्यानं वाचते, मध्ये मध्ये थांबून तुला उत्तरं देते, अब्बा हसतात, हलिमाखालासुद्धा भिंतीपलीकडून काय झालं विचारते. यावेळी तिनं पत्राची घडी घातली आणि चुलीपाशी जाऊन बसली; मी ते मागाहून चोरून वाचलं. अब्बांनी वाचायला मागितलं तर म्हणाली, काही विशेष नाही, हलवा पोचला का विचारलंय.

तुला इथलं ठाऊक नाही. अब्बांच्या ओळीतली निम्मी दुकानं बंद झाली. महिन्याला एखादं घर सामान बांधून देऱ्याला जातं. अम्मी प्रत्येकाला निरोप द्यायला टॅक्सीपर्यंत जाते, वाटेसाठी घावणे बांधून देते. परत आली की त्यांना आणि देऱ्याला मिळून शिव्या घालते.

मला नूरुद्दीन पसंत आहेत. हे मी अब्बांना सांगितलं, अम्मीला सांगायचा धीर होत नाही. तिला वाटेल, मीसुद्धा त्या टॅक्सीत बसले. तुम्ही दोघी खाडी आणि विमानतळ यांवर भांडत राहिलात तर मी इथेच म्हातारी होईन. मेहरबानी कर आणि पुढचं पत्र नीट लिही. निकाह शारजात होऊ दे असं तूच म्हण. तुझं काय जाणार आहे?

हे पत्र वाचून फाडून टाक.

तुझी लाडकी,
अजरा


देरा, दुबई
२ डिसेंबर १९६१

ती. आपाला,
सुरैय्याचा सलाम. वि. वि.

मागच्या पत्रात मी दुकानाबद्दल जे लिहिलं ते दुल्हेभाईंनी वाचलं नसेल तर बरं. वाचलं असेल तर त्यांना सांग, सुरैय्याची जीभ लहानपणापासून अशीच आहे, कान धरायला आपा जवळ नव्हती.

आम्ही अजराला रीतसर मागतो आहोत. मुनीर आणि नूरुद्दीन येत्या शुक्रवारी दुल्हेभाईंना भेटायला येतील. निकाह शारजातच होऊ दे. आमची सगळी माणसं तिकडे येतील. धुळीला इलाज नाही, पण लग्नकार्यात माणूस सोसतो.

मुलीला एकदा विचार. आणि तिनं उत्तर दिलं तर ऐकूनही घे.

माया आहेच, ती उघड दाखवत जा.

सुरैय्या


शारजा
२० डिसेंबर १९६१

चि. सौ. सुरैय्या हिला,
आपाची दुवा. वि. वि.

मुनीरमियाँ येऊन गेले, मुलगा येऊन गेला, बोलणी झाली ते तुला कळलंच असेल. अजराला विचारलं. ती म्हणाली, अम्मी, तू म्हणशील तसं; आणि हे म्हणताना चेहरा असा की आंधळ्यालाही कळावं. मी हो म्हटलं.

१९ जानेवारी, शुक्रवार, जुम्म्याच्या नमाजानंतर निकाह. माझ्या अटी लिहिते. वऱ्हाड नमाजाआधी इथे हजर पाहिजे. देऱ्याच्या कुठल्याही बाईनं नाकाला रुमाल लावायचा नाही. जेवण आमच्या गल्लीचं. हलिमा आणि तिच्या जावा मिळून रांधणार आहेत, पातेली बाजारातून यायची नाहीत. आणि तू विजेच्या दिव्याचा विषय काढायचा नाहीस. काढलास तर तुला कंदिलाजवळ बसवून काच पुसायला लावीन.

शारजानं किती लग्नं पाहिली असतील, पण आमच्या अजराचं लग्न लोकांनी आठवणीत ठेवावं असं करणार आहे. मग तुमच्या देऱ्यात जाऊन खुशाल सांगा.

बाकी भेटीत. प्रेम राहू दे.

खैरुन्निसा


देरा, दुबई
१८ जानेवारी १९६२, सकाळ

ती. आपाला सलाम.

घाईत लिहिते. दोन दिवस पाऊस थांबत नाही. शारजाची वाट पूर्ण चिखलात गेली. गनीची टॅक्सी काल रुतली ती अजून तिथेच आहे, तो चालत परत आला. टॅक्सीनं येणं खलास. हे पत्र मच्छीमाराच्या होडीतून पाठवते, उत्तर त्याच्याच हाती दे.

मुनीर म्हणतात, उद्या सगळं वऱ्हाड लाँचनं आणू. पण लाँच मोठी आहे, माणसं पुष्कळ. आपा, खरं सांग, खाडीच्या तोंडाशी लाँच आत येण्याइतकं पाणी आहे का? नसेल तर आपण तारीख पुढे ढकलू. माणसांचा प्रश्न आहे.

सुरैय्या


शारजा
१८ जानेवारी १९६२, दुपार

सुरैय्या,
पाणी आहे. आमच्याकडे सगळं आहे. या.

खैरुन्निसा


देरा, दुबई
२५ जानेवारी १९६२

ती. आपाला,
सुरैय्याचा सलाम. वि. वि.

अजरा सुखरूप आहे. पहिल्या दिवशी विजेच्या दिव्याकडे बघत बसली, दुसऱ्या दिवशी म्हणाली, याखाली सगळ्यांचे चेहरे आजारी दिसतात. तुझीच मुलगी.

आता भांडायला सवड आहे, तर भांडते. तू किनाऱ्यावर होतीस. लाँचवर काय झालं ते तुला ठाऊक नाही. शारजाची घरं दिसू लागली, बायकांनी पदर सारखे केले, कुणीतरी गाणं धरलं, आणि लाँच खरवडत जाऊन वाळूत बसली. वर ओहोटी लागलेली. मुनीर इंजिनाशी झटत होते आणि जे बोलत होते ते लग्नाच्या दिवशी बोलू नये. लाँच एका बाजूला कलली. माझी नणंद कलमा म्हणू लागली. नूरुद्दीन फुलांच्या सेहऱ्यातून मला म्हणाला, काकी, त्यांनी पाणी आहे असं नक्की लिहिलं होतं का? मी काय सांगणार? माझ्या बहिणीनं गावाची अब्रू राखायला आम्हाला वाळूत बसवलं, असं? म्हटलं, पाणी आहे बाबा, थोडं खाली आहे.

आपा, मला तुझा खरंच संताप आला होता. लहान मुलं रडत होती. वारा वाढत होता. समोर गाव दिसतंय आणि जाता येत नाही. मी ठरवलं होतं, किनाऱ्याला लागले की सर्वांसमोर तुला बोलायचं.

तेवढ्यात तुमची माणसं पाण्यात उतरलेली दिसली. पुढे तुझी हलिमा, काळा अबाया कमरेला खोचलेला, मागे तिचे दीर, भाऊ, गल्लीतले म्हातारेसुद्धा. कुणी त्यांना बोलावलं नव्हतं. नूरुद्दीनला दोघांनी खांद्यावर घेतलं. सेहरा सावरत तो असा बसला होता की माझी नणंद कलमा सोडून हसू लागली. मला हलिमानं पाठीवर घेतलं. माझं वजन तुला माहीत आहे. ती सारा वेळ अरबीत काहीतरी बोलत होती, मला एवढंच कळलं की दुबई, दुबई म्हणून हसते आहे. आणि मग तू, लग्नाच्या साडीत छातीभर पाण्यात, समोर येऊन काय म्हणालीस? उशीर केलात. बस, एवढंच! मी लाँचवर तयार केलेले सगळे शब्द विसरले.

आमच्या देऱ्यात लाँच बुडाली असती तर काठावरच्या लोकांनी आधी मालाची चौकशी केली असती. हे मी लिहिलं असं कुणाला सांगू नकोस.

आता खरं कारण. दुल्हेभाई परवा मुनीरना भेटून गेले. इथे बंदराजवळ एक गाळा रिकामा आहे. दोर, राळ, शिडं, सगळं दिवसात खपेल. घरही आमच्या मागच्या गल्लीत मिळेल, अजराच्या दारासमोर. आपा, आता तरी ये. टोमणा मारत नाही. तू तिथे एकेका घराला निरोप देत शेवटी एकटी उरशील, याची मला भीती वाटते.

मायेनं वाट बघते.

सुरैय्या


शारजा
४ फेब्रुवारी १९६२

चि. सौ. सुरैय्या हिला,
आपाची दुवा. रमजान दोन दिवसांवर आला, त्याच्या मुबारकबादी आधीच देते. वि. वि.

पहिली गोष्ट, पाणी होतं. तुम्ही नटण्यात वेळ घालवलात आणि ओहोटीला आलात. याउपर मी एक शब्दही बोलणार नाही.

अजराच्या अब्बांनी गाळा घ्यायचं ठरवलं. त्यांनी मला ते अंगणात सांगितलं, माझ्याकडे न बघता. दुकानात सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसून रिकाम्या हातांनी येणारा माणूस मी तीन वर्षं पाहते आहे. त्याला काय म्हणून अडवू? गुपचूप सामान बांधायला घेतलं. भांडी गोणपाटात गुंडाळली. अजराची खाट सोडून ठेवली. रडले नाही, तुला वाटेल रडले असेन.

हलिमा दारात येऊन उभी राहिली. आत आली नाही. गोणपाटाकडे बघत राहिली. मी माझ्या मोडक्या अरबीत सांगितलं की दुकान चालत नाही, मुलगी तिकडे आहे, बहीण तिकडे आहे. तिनं मान हलवली. तिचा नवरा समुद्रातून मोती काढणाऱ्या बोटीवर होता, तो धंदा बसला तेव्हा तिची भावंडं कुवेतला गेली ती परत आली नाहीत, हे तिनं मला कितीदा सांगितलं आहे. ती म्हणाली, या गल्लीतली सगळी दारं बंद झाली. तूही चाललीस? मग आमच्यापैकी इथे उरलं कोण?

सुरैय्या, तिनं आमच्यापैकी म्हटलं. मी इथे आले तेव्हा मला पाणी कुठून भरायचं विचारता येत नव्हतं. बायका मला हिंदी, म्हणजे हिंदुस्थानातली, म्हणत. अजूनही अरबीतलं ऐन अक्षर मला नीट उच्चारता येत नाही, मुलं हसतात. आणि ती मला तिच्यात मोजते, गेलेल्या माणसांच्या हिशोबात मला धरते. मी गोणपाटातली भांडी परत सोडायला बसले. ती बसली आणि तीही सोडू लागली.

संध्याकाळी यांना सांगितलं की गाळा घ्या. अल्ला बरकत देवो. घर इथेच राहील. सकाळी टॅक्सीनं देऱ्याला जायचं, दिवे लागताना परत यायचं. ते मोठ्यानं हसले. म्हणाले, एका गावात राहायचं आणि रोज दुसऱ्या गावात कामाला जायचं, असं कधी कुणी केलंय का, लोक वेडं म्हणतील. वाट ही अशी, टॅक्सी रोज रुतणार. मी म्हटलं, रुतली तर ढकला. पण निजायला इकडे या.

अजराला सांग, जुम्म्याला नूरुद्दीनला घेऊन ये. तूही ये. ईदला तर सगळेच या, भरती बघून.

आणि तुझ्या शेजाऱ्यांना, त्यांची नावं कळली तर, माझा सलाम सांग. त्यांना म्हणावं, माझा नवरा रोज तुमच्या गावात येतो तो पैसे कमवायला. ते झालं की तो माणसांत परत येतो.

तुझ्यावर माया आहे, देऱ्यावर नाही.

तुझी आपा,
खैरुन्निसा