बरी आहे म्हणजे काय

अप्पा, परवा आमच्या ऑफिसात एक बाई आल्या होत्या, आम्ही सगळे बरे आहोत ना ते बघायला. हल्ली कंपन्या अशा बायकांना बोलावतात. त्यांनी आम्हाला गोल बसवलं आणि माणूस छान असला की आपापल्या भाषेत काय म्हणतात ते सांगायला लावलं. धारवाडकडची मुलगी म्हणाली, "आराम." नागपूरचा एकजण म्हणाला, "मस्त." दिल्लीच्या एकानं फळ्यावर मोठ्या अक्षरांत 'स्वस्थ' लिहिलं आणि मला हसू फुटलं. बाईंनी विचारलं, का हसलात? मी म्हटलं, आमच्याकडे हा शब्द माणसाला गप्प बसवायला वापरतात. सगळे हसले. मी मात्र उठून पाणी प्यायला गेले, कारण तो शब्द मला तुमच्या आवाजात ऐकू आला होता.

तुम्हाला शब्दांचं फार होतं. के. आर. पुरमच्या कारखान्यात दिवसभर कन्नड बोलायचात आणि जयनगरच्या घरात पाऊल टाकलं की मराठी, तीही आपल्या निपाणीकडची नाही, पुस्तकातली. प्रवासाहून आलं की 'सुखरूप पोचलो' म्हणायचं. आजारातून उठलेला तो 'बरा'. आणि 'मजेत' कोण असतात? ज्यांना कामधंदा नाही ते. आई गेल्यावर तर आम्हा दोघी बहिणींशी तुम्ही बोलायचात ते बहुतेक चुका काढायलाच. एकदा शेजारच्या अक्कांनी फाटकातून हाक मारली, "आराम इद्दीरेन्री?" मी लहान होते. आत येऊन तुम्हाला सांगितलं, अक्का विचारतायत तुम्ही आराम करताय का. तुम्ही माझा कान धरलात. "बरे आहात का, असं विचारतायत त्या. शब्द तोच असला तरी माणूस काय म्हणतोय ते नीट ऐकावं." मी ते आयुष्यभर लक्षात ठेवलं. तुम्ही ठेवलं नाहीत.

माझं लग्न करून तुम्ही मला पुण्याला पाठवलंत. दर रविवारी तुमचा फोन यायचा. "सुखरूप ना?" मी म्हणायची, "बरी आहे." नवरा तिथेच खुर्चीत बसलेला असायचा, त्यामुळे दुसरं काही बोलता यायचं नाही, म्हणून मी तो शब्द मुद्दाम निवडला होता. मला वाटायचं, आपल्या घरात 'बरी' कुणाला म्हणतात ते अप्पांना ठाऊक आहे. आज ना उद्या ते विचारतील, अगं, बरी म्हणजे? काय झालं होतं तुला? तुम्ही म्हणायचात, "छान," आणि फोन ठेवायचात. धाकटी सांगायची, अप्पा सगळ्यांना सांगतात, थोरली अगदी सुखात आहे.

मग एका सकाळी मी पुण्याहून बसनं आले. कडेवर लेक, उजव्या मनगटाला पट्टी. तुम्ही स्वयंपाकघरात उप्पीट करत होतात. अजून मला तो रव्याचा खमंग वास येतो आहे आणि तुमची पाठ दिसते आहे.

"हाताला काय झालं?"

"त्यानं दार लावलं. माझा हात मध्ये होता."

"लक्ष कुठे असतं तुझं?"

"त्याला दिसत होता, अप्पा."

तुम्ही उलथनं फिरवत राहिलात. मग गॅस बंद केलात, बशी भरलीत, वर लिंबू पिळलंत आणि माझ्यासमोर ठेवलीत. "खा. गार होईल. सुखरूप आलीस ना, मग झालं. आता चार दिवस स्वस्थ बस. धाकटीची बोलणी चाललीयेत."

"मी परत जाणार नाही."

"स्वस्थ बस म्हटलं ना!"

लेक दचकून रडायला लागली. तुम्ही तिला उचललंत आणि बाहेर कावळे दाखवायला नेलंत. मी उप्पीट खाल्लं. चांगलं झालं होतं.

चार दिवसांनी तुम्ही स्वतः मला बसवर सोडलंत. खिडकीची जागा मिळवलीत, शहाळं आणून दिलंत. "पोचलीस की फोन कर." मी केला. "सुखरूप?" तुम्ही विचारलंत. मी म्हटलं, "हो." ते खोटं नव्हतं. प्रवासात मला काहीच झालं नाही. जे झालं ते घरात शिरल्यावर.

पुढे मीच कधीतरी निघाले. नोकरी शोधली, जे. पी. नगरमध्ये दोन खोल्या घेतल्या. तुमच्या घरापासून रिक्षानं जेमतेम दहा मिनिटं, पण धाकटीचं लग्न पार पडेपर्यंत तुम्ही आला नाहीत. पुढे तुम्ही आजारी पडलात. धाकटी परदेशात होती, तेव्हा हॉस्पिटलात मीच बसायची. डॉक्टर कसे आहात म्हणून "हेगिद्दीरा?" विचारायचे आणि तुम्ही वेदनेनं ओठ चावत म्हणायचात, "परवागिल्ला," म्हणजे ठीक आहे. एका दुपारी तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि विचारलंत, "तू बरी आहेस ना?"

माझा शब्द. इतक्या वर्षांनी. मी थांबले, तुम्ही पुढे काही विचाराल म्हणून. तुम्ही डोळे मिटून घेतलेत. मग मी म्हटलं, "मजेत आहे, अप्पा."

तुम्ही म्हणालात, "छान."

दुसऱ्या कुणाचा असता तर तुम्ही तो शब्द तिथेच खोडून काढला असतात. माझा तसाच ठेवून घेतलात. तेव्हा मला कळलं की तुम्हाला पहिल्या रविवारपासून सगळं कळत होतं. ज्याला भाषाच कळत नाही त्याच्यावर रागावता येत नाही. तुमच्यावर मी अजून रागावलेली आहे.

लेकीचं गेल्या वर्षी लग्न झालं. तिनंच जमवलं. या रविवारी तिच्याकडे गेले होते, सर्जापूर रोडला. जावई कांदा चिरत होता, ती त्याला ओरडत होती, बारीक चीर म्हणून, आणि तो हसत होता. मी तिला गॅलरीत घेऊन गेले आणि दार ओढून घेतलं.

"खरं सांग. कशी आहेस?"

"अगं, आनंदात आहे."

"म्हणजे कशी?"

"म्हणजे आनंदात! अशी काय बघतेस, आई?"

मी तिला नखशिखांत बघितलं. पुन्हा पुन्हा, उलटसुलट विचारलं. शेवटी ती वैतागली. काहीही सापडलं नाही, अप्पा. तिचं खरंच चांगलं चाललं आहे. मी निर्धास्त व्हायला हवं होतं. पण घरी येताना रिक्षात मला तिचा हेवा वाटत होता.

हे मी तिला सांगू शकत नाही, कुणालाच नाही. म्हणून तुम्हाला लिहिलं. तुम्हाला सांगितलेलं तुम्ही होतात तेव्हाही पुढे कुठे जात नव्हतं.