सरांचे खोटे तारे

३ मार्च
आजपासून तारकागुच्छाच्या गाभ्यात! सरांनी रजेवर जाण्याआधी दिलेली दोन छायाचित्रं — एकाच गोलाकार तारकागुच्छाची, दहा वर्षांच्या अंतरानं काढलेली. कोणता तारा किती सरकला ते मोजायचं. मध्यभागी नुसती चेंगराचेंगरी, तारा ताऱ्याच्या मांडीवर बसलेला. त्यात सरांची खोड: विद्यार्थ्याला न सांगता त्यात चार-दोन बनावट तारे मिसळून द्यायचे. ते ओळखले तर बाकीची मापं खरी धरायची, प्रबंध पुढे. नाहीतर पुन्हा पहिल्यापासून. माझं दोनदा चुकलंय. आता चुकलं तर गाशा गुंडाळणार, असं नवऱ्याला सांगून टाकलंय.

९ मार्च
डोळे चुरचुरतायत. सगळे तारे शहाण्यासारखे हळूहळू चाललेत.

१४ मार्च
सापडले!! पाच. अगदी मधोमध, आणि सुसाट! इतक्या वेगाचा तारा गुच्छात टिकेलच कसा? केव्हाच बाहेर पळायचा. त्याला धरून ठेवायला मध्यभागी भलंमोठं कृष्णविवर लागेल — आणि तिथं तसलं काही नाही, हे सर वीस वर्षं ठासून सांगतायत. म्हणजे हे त्यांचेच उद्योग! सर, या खेपेला जरा अतीच केलंत.

शेजारच्या टेबलावरच्या शंकासुराला कशावरच विश्वास नाही. दोन तारे चिकटून एक दिसत असतील, म्हणाला. मी पुन्हा मोजले. त्यानंही मोजले. आकडे हलेनात. शेवटी हात टेकले आणि स्वतःहून चहा पाजला मला. हे त्याच्याकडून म्हणजे पदकच!

१५ मार्च
आईला फोन केला. तिला यातलं ओ की ठो कळत नाही, पण माझ्या आवाजावरून ओळखलं तिनं. रडायला लागली. मग मीही. नवरा म्हणाला, शेजारी धावत येतील आता. येऊ देत! घरभर नाचले. स्वतःवर इतकी खूश मी कधीच नव्हते.

१७ मार्च
सर उद्या येतायत, डोळ्यांच्या ऑपरेशननंतर पहिल्यांदाच. पाचही तारे पडद्यावर लाल वर्तुळांत पकडून ठेवलेत. काय बोलायचं त्याची आरशासमोर तालीमही झाली. मान ताठ ठेवायची!

१८ मार्च
"ओळखले तुमचे पाचही," म्हटलं. सर खुर्ची ओढून पडद्याला नाक लागेल इतके जवळ बसले. एकेक लाल वर्तुळ निरखलं. मग हळूच म्हणाले, "ऑपरेशनच्या धांदलीत राहूनच गेलं गं. या वेळी मी एकही तारा टाकलेला नाही."