मिनिटाला तीनशे साठ फेरे

२ जून, इलोइलो
रोजनिशी लिहायची असं जानेवारीपासून म्हणतोय. आधी पेन नव्हतं. पेन आणायला निघालो तर वाटेत कोंबड्यांची झुंज लागली. असो. जहाजाचं कॉलेज सोडलं ते बरंच झालं. मी जन्मजात बोलिंगवाला. वडिलांना, म्हणजे आमच्या तातायना, पटत नाही. काल जहाजावरून फोन: "तीन भोकांचा गोळा लोटून दहा पिना पाडायच्या, हा काय धंदा झाला? शहराच्या संघात आलास तर खेळ. नाहीतर मुकाट माझ्याबरोबर इंजिनखोलीत." येणारच की! कोच मनांग नेनिताची अट एकच. गोळ्याने मिनिटाला तीनशे फेरे घ्यायचे, व्हिडिओवर मोजून.

५ जून
गोळ्यावर पांढरी पट्टी चिकटवली. मावसभाऊ जोबर्टने शूटिंग केलं, सेकंदाला साठ फ्रेम. पट्टी परत वर यायला वीस फ्रेम. म्हणजे एकशे ऐंशी फेरे. शक्यच नाही! अर्धा वेळ पट्टी गोळ्याखाली लपते, तिथेच घोळ. जोबर्ट म्हणतो, "घोळ पट्टीत नाही रे तोतो, मनगटात आहे." जळतो मेला.

६ जून, दुपार
सुचलं! बरोबर उलट्या बाजूला दुसरी पट्टी. एक लपली की दुसरी हजर. पट्टी ते पट्टी दहाच फ्रेम. तीनशे साठ!! एका रात्रीत दुप्पट. झोप चांगली झाली होती. व्हिडिओ तातायना पाठवला. निरोप आला: "अख्ख्या इंजिनखोलीने पाहिला. पोरा, माझंच चुकलं." असं ते आयुष्यात कुणाला म्हणालेले नाहीत. दोनदा वाचलं.

१० जून
सराव उद्यापासून. आज आंबे खायला गिमारास बेटावर. मनगटालाही विश्रांती लागते.

१४ जून. निवड.
मनांग नेनिताने व्हिडिओ पाहिला. नखाने एक पट्टी सोलून काढली. "आता टाक."
वीस फ्रेम.
"तोतो, एकाच फेऱ्याला दोनदा मोजलंस तू."
मी म्हटलं, हवा दमट आहे. जोबर्ट हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं.

१५ जून
तातायना कळवायला बसलो. "ताताय," एवढं लिहून झालं. मग भूक लागली, बाचोय खाऊन आलो. समुद्रात रेंज तरी कुठे असते. उद्या नक्की.

१६ जून, सकाळ
मजकूर जवळजवळ तयार आहे. फक्त आकडा घालायचा राहिलाय.
बाहेर ट्रायसिकल रिक्षा थांबली. नानाय, माझी आई, रडतेय की हसतेय, कळत नाही. ताताय आलेत! कप्तानाला माझा व्हिडिओ दाखवून सुट्टी मिळवली म्हणे, पोराचा पहिला सामना बघायला. खिडकीतून दिसतायत. इंजिनखोलीतल्या सगळ्यांनी मिळून काहीतरी दिलंय. जड आहे, गोल आहे. दोन्ही हातांनी पोटाशी धरलंय, आणि मला हाका मारतायत.