पानं कुणाकडे झुकतात

विस्कॉन्सिन, जुलै

ती. मामंजी,

"मला ऑरिन म्हण" असं तुम्ही जन्मभर सांगत राहिलात, पण माझी जीभ काही वळली नाही. आता तुम्हीच नाही, तेव्हा हट्ट सोडा.

जत्रेच्या पोस्टरांसाठी तुम्ही मेपलच्या लाकडात कोरलेली ती लठ्ठ, पोटात पान मिरवणारी अक्षरं होती ना, त्यांवरून मी संगणकासाठी नवा टंक, म्हणजे फॉन्ट, रेखाटला. आमच्याकडे पितरांना तिळोदक देतात. मी वर्णमाला दिली, चालवून घ्या. यंदाच्या जत्रेचं पोस्टर त्यातच निघणार होतं, पण तुमची व्हर्ना, म्हणजे आमच्या सासूबाई, हो म्हणाल्या तरच.

त्यांनी चष्मा लावून कागद पाहिला आणि बाजूला सारला. "सुबक आहे गं. पण हे ऑरिनचं नाही."

"अहो, त्यांचा एकेक लाकडी ठसा समोर ठेवून काढलंय!"

"तिथंच चुकलीस. ठसा उलटा कोरतात, शहाणे. अक्षरं सुलटी केलीस, पानं तशीच ठेवलीस. छापल्यावर त्याची पानं पुढच्या अक्षराकडे झुकायची. एका कानानं बहिरा माणूस. जेवताना, चर्चमध्ये, माझ्याकडे अस्साच झुकायचा."

मला अख्खा अमरकोश पाठ असून काय उपयोग!

सगळी पानं फिरवली, पोस्टर पुन्हा छापलं. सासूबाईंनी त्यावर तळहात फिरवला आणि वाकून, अगदी हळू, कागदाशी काहीतरी बोलल्या. तुम्हाला ऐकू गेलं असेलच; आता कानाची सबब चालायची नाही.

उलटसुलट उशिरा कळलेली तुमची सून,
सुमेधा